मावशींचे स्क्रीनशॉट

गेले काही आठवडे मावशींचं कशात म्हणून लक्ष लागत नव्हतं. मशीनवर बसायच्या, जरा टीप मारली की उठायच्या, खिडकीपाशी जायच्या, परत यायच्या, आणि बसल्यावर लक्षात यायचं की कात्री खिडकीतच राहिली. परवा तर एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच लावून ठेवल्या. उभं आयुष्य शिवणकामात गेलेल्या बाईनं असं करावं म्हणजे हद्दच झाली. गिऱ्हाईक भला माणूस. हसला आणि शर्ट ठेवून गेला. मावशींना मात्र रडू यायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

घोर होता मुलाचा. मुलाला सगळी गल्ली बारक्या म्हणायची. लहानपणी अंगावर मांस नव्हतं म्हणून पडलेलं नाव, आणि पुढे तो दाराच्या चौकटीला डोकं आपटण्याइतका वाढला तरी ते बदलायची तसदी कुणी घेतली नाही. बारक्या समुद्रापलीकडच्या देशात एका भल्यामोठ्या शीतगृहात यंत्रं सांभाळायला गेला होता. जाताना आपला जुना लॅपटॉप आईच्या मशीनशेजारी ठेवून गेला. "फोनवर मी तुला बोटाएवढा दिसेन. यावर बोलत जा," म्हणाला. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मावशी शिवण बाजूला सारून, केस सारखे करून लॅपटॉपसमोर बसायच्या. त्याच्याकडे तेव्हा सकाळ असायची.

मावशींचे मिस्टर मोटार चालवायला शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे सर म्हणायचे. सरांना मुलाचा अभिमान होता आणि तो पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती. एखादा शिकाऊ माणूस भर चौकात गिअर शोधत घामाघूम झालेला असताना सर त्याला निवांतपणे सांगत असायचे, की आमच्या चिरंजिवांच्या गोदामात म्हणे एवढी थंडी असते, की भर उन्हाळ्यात कोट घालून हिंडावं लागतं. शहरात असा शिकलेला ड्रायव्हर नसेल ज्याला बारक्याच्या कोटाची हकीकत ठाऊक नाही. मावशीही ऐकताना मान डोलवायच्या. खोटं कशाला बोला, त्यांनाही बरं वाटायचं.

पण मावशींची नजर शिंप्याची. माणूस दारातून आत आला की टेप हातात घ्यायच्या आधीच त्यांना त्याच्या गळ्याचं माप कळायचं. आणि स्क्रीनवरच्या बारक्याची कॉलर दर शनिवारी थोडी थोडी सैल होत चालली होती. त्याला विचारलं तर तो हसायचा. "कॅमेरा तसा दाखवतो गं आई." सरांना विचारलं तर म्हणायचे, "तू उगाच कुशंका काढतेस." मावशींना वाटायचं, खरंच काढते की काय? आज पाहिलेला चेहरा पुढच्या शनिवारपर्यंत डोक्यात जसाच्या तसा थोडाच राहतो? आजचा आणि मागचा शेजारी शेजारी ठेवून बघता आले असते तर सोक्षमोक्ष लागला असता.

वरच्या मजल्यावर एक टायपिस्टबाई राहायच्या, कचेरीत दिवसभर टकटक करणाऱ्या. मावशींनी त्यांना जिन्यात गाठलं. बाई घाईत होत्या, खांद्याला पर्स, हातात डबा. "त्यात काय मावशी! कीबोर्डच्या वरच्या ओळीत उजवीकडे 'प्रिंट स्क्रीन' लिहिलेलं बटण असतं. ते दाबा. स्क्रीनवर जे दिसतंय त्याचा फोटो निघतो." एवढं बोलून त्या खाली उतरूनही गेल्या.

मावशींनी ते बटण शोधलं आणि पुन्हा शोधायला लागू नये म्हणून त्यावर लाल कापडाचा कपटा चिकटवला. मग दर शनिवारी त्यांनी सपाटाच लावला. बारक्या हसला, दाबलं. बारक्यानं मान वळवली, दाबलं. बारक्या जांभई देत होता तेव्हाही दाबलं, कारण जांभई देताना गळा चांगला दिसतो. आवाज नाही, उजेड नाही, काही नाही. मावशींना वाटलं, गुणी यंत्र आहे, उगाच गाजावाजा करत नाही.

सैल कॉलरची टोचणी सहन होईना तेव्हा एका सकाळी मावशी फोटो काढून बघायला बसल्या. लॅपटॉपमधलं जे जे उघडता येईल ते सगळं उघडलं. बारक्याची जुनी गाणी सापडली, त्याचे परीक्षेचे अर्ज सापडले, कुठल्यातरी कुत्र्याचा फोटो सापडला. बारक्या काही सापडला नाही. टायपिस्टबाई जिना उतरत होत्या, त्यांना मावशींनी जवळजवळ हाताला धरूनच आत आणलं.

"कुठे पेस्ट केलेत?" बाईंनी विचारलं.

"पेस्ट म्हणजे?"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! माझंच चुकलं. अहो, मी कचेरीत ते बटण दाबते आणि लगेच कंट्रोल धरून व्ही दाबते, चालू पत्रात चिकटवून टाकते. माझी बोटंच करतात ते, मला सांगायचं सुचलंही नाही. ते बटण नुसतं उचलतं हो मावशी, ठेवत नाही. दुसरं काही उचललं की पहिलं गेलं."

"म्हणजे आधीचे सगळे?"

"शेवटचा असेल एखादवेळेस. बघू या." बाईंनी कोरं पान उघडलं, कंट्रोल धरून व्ही दाबलं. पानावर एका गिऱ्हाइकाचा पत्ता उमटला. सकाळीच मावशींनी तो एका निरोपातून उचलून दुसऱ्या निरोपात घातला होता. शेवटचा बारक्या त्या पत्त्याखाली गडप झाला होता.

मावशी मटकन खुर्चीत बसल्या. इतक्या शनिवारची मेहनत! त्याचं हसणं, त्याचं मान वळवणं, सगळं धरलंय अशा समजुतीत त्या निर्धास्त होत्या आणि हाती काय लागलं, तर कुणाचा तरी पिनकोड. त्यांना स्वतःचाच राग आला, आणि मग थोडा टायपिस्टबाईंचाही आला. बाईंनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी पर्स खाली ठेवली, कचेरीत फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि मावशींच्या शेजारी स्टूल ओढलं.

"आता नीट शिकवते. हे खिडकीचं चित्र असलेलं बटण दिसतंय? ते डाव्या हातानं दाबून धरायचं. सोडायचं नाही. मग उजव्या हातानं तुमचं लाल. बघा."

स्क्रीन क्षणभर अंधारली आणि पुन्हा उजळली.

"अशी मिणमिणली की समजायचं, ठेवला गेला. आता 'पिक्चर्स' उघडा. आत 'स्क्रीनशॉट्स' म्हणून फोल्डर. हा बघा, आलाय की नाही? आणि सगळी स्क्रीन नको, तुकडाच हवा असेल तर खिडकी, शिफ्ट आणि एस. कापडासारखा हवा तेवढाच कापून घ्यायचा."

"कापायचं नंतर बघू," मावशी म्हणाल्या. "आधी ठेवायला शिकते."

आठवडाभर त्यांनी सराव केला. घड्याळाचा स्क्रीनशॉट घेतला, कोऱ्या पानाचा घेतला, स्क्रीनशॉट ठेवलेल्या फोल्डरचासुद्धा घेतला. प्रत्येक वेळी स्क्रीन अंधारायची आणि मावशींचा जीव भांड्यात पडायचा. मग शनिवार आला. बारक्या समोर आला, तशीच मागे पुस्तकांची मांडणी, तशीच शेजारी खिडकी आणि खिडकीत लख्ख सकाळ. मावशींनी बोलता बोलता टेबलाखालच्या कामासारखं गुपचूप काम उरकलं. डावा हात खिडकीच्या बटणावर, उजवा लालवर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते फोटो उघडले आणि शेजारी बारक्याचा जातानाचा फोटो ठेवला. शंकाच नको. गळ्यात आणि कॉलरीत दोन बोटं सहज गेली असती. गालही आत गेले होते. पण फोटो निरखता निरखता आणखी भलतंच काही दिसायला लागलं. एका फोटोत बारक्याला डावा कानच नव्हता. कानाच्या जागी पुस्तकं होती. दुसऱ्यात त्यानं कप उचलला होता, तर कप अर्धा आणि उरलेल्या अर्ध्यातून मांडणी दिसत होती. बोलताना हे सगळं झर्रकन होऊन जातं, डोळ्याला कळत नाही. थांबवून ठेवलं की कळतं.

टायपिस्टबाईंना दाखवलं तर त्यांना हसू आवरेना. "अहो, ती मागची खोली खोटी आहे! फोटो लावलाय. आमचे साहेब नाही का, मागे समुद्रकिनारा लावून मीटिंगला बसतात, आणि एकदा उठले तर मागे गॅसची शेगडी आणि त्यांच्या सासूबाई." हसता हसता त्यांचं मावशींच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी घाईनं सावरून घेतलं. "खोली आवरलेली नसेल त्याची. पोरं लावतात तसं."

सरही तेच म्हणाले. "पसारा असेल. तुला दिसला असता तर तू समुद्र ओलांडून झाडू मारायला गेली असतीस." सरांचा विनोद एरवी मावशींना आवडायचा. आता नाही आवडला. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पसारा लपवायला माणूस एखाद्या दिवशी फोटो लावतो. गेले कित्येक शनिवार तीच खिडकी, तीच सकाळ, आणि एकदा तर तो बाहेर धो धो पाऊस पडतोय म्हणाला होता, तेव्हाही खिडकीत ऊन.

पुढच्या शनिवारी सरही येऊन बसले. बारक्या जरा इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "आई, बाबा, एक सांगायचं होतं. मला दुसऱ्या साइटवर पाठवतायत. लांब आहे, नेट नाही तिथे. पुढच्या शनिवारी बोलू, पण त्यानंतर काही महिने फोन होणार नाही. काळजी करू नका."

"प्रमोशन!" सर खुर्चीतून उठलेच. "मी म्हटलं नव्हतं?"

"तसंच काहीसं," बारक्या म्हणाला.

काही महिने म्हणजे किती, साइट म्हणजे कुठे, नेट नाही तर मग आहे काय तिथे, एक ना दोन प्रश्न एकदम मावशींच्या ओठावर आले आणि एकही बाहेर पडेना. तेवढ्यात घरातली ट्यूबलाइट लुकलुकली. तिकडे बारक्याचं चित्र अडकलं, काळं झालं आणि परत आलं. आलं ते मागच्या पुस्तकांशिवाय आलं. मावशींनी विचार वगैरे काही केला नाही. त्यांचे दोन्ही हात आपोआप गेले, स्क्रीन अंधारली, आणि उजळली तेव्हा बारक्याच्या मागे पुन्हा पुस्तकं होती आणि तो म्हणत होता, "दिसतोय का मी?"

"दिसतोस," मावशी म्हणाल्या.

बोलणं संपल्याबरोबर सर चप्पल पायात सरकवून प्रमोशनची बातमी गल्लीत पोचवायला गेले. मावशींनी दार लावून घेतलं आणि फोल्डर उघडला. शेवटचा फोटो. पोपडे आलेली भिंत. दोरीवर वाळत घातलेला शर्ट. सकाळचं ऊन कुठलं, डोक्यावर एक पिवळट दिवा. आणि मागे खिडकी झाकणारा एक पडदा, तपकिरी कापड, त्यावर सायीच्या रंगाची पानं. ते कापड ओळखीचं होतं. मावशींनी स्वतःला समजावलं, कापड काय, जगात कुठेही विकलं जातं. तरीही त्यांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. पडद्याच्या वरच्या बाजूला, चुण्यांच्या खाली, एक आडवा जोड होता. जोडाखालची पानं वर तोंड करून होती आणि जोडावरची खाली. जोडावर टिपेच्या दोन ओळी होत्या.

जगात कुठेही नाही. हा पडदा मावशींनी ह्याच खोलीत, ह्याच मशीनवर शिवला होता.

बस डेपोच्या मागे एक लॉज आहे. तिथल्या मॅनेजरनं कुठूनतरी उरलेला तागा आणून दिला होता आणि त्यात सगळ्या खोल्यांचे पडदे बसवायचे होते. शेवटच्या पडद्याला कापड पुरेना. मॅनेजर म्हणाला, आहे त्यात भागवा. मावशींनी भागवलं. उरलेली पट्टी वर जोडली, पण ती उलटीच बसत होती, म्हणून पानं उलटी आली, आणि जोड उसवू नये म्हणून टीप दुहेरी मारली. मॅनेजरच्या काही लक्षात आलं नाही. मावशींच्या मनाला मात्र ते काम इतकं लागलं होतं की लॉजवरून जाताना त्या मान खाली घालून जायच्या.

समुद्रापलीकडे म्हणे! दोरा संपला की त्या चालत डेपोसमोरच्या दुकानात जात होत्या. घरातली ट्यूब लुकलुकली आणि त्याच घडीला त्याचं चित्र गेलं, ते काही समुद्रापलीकडून गेलं नव्हतं. तीच शहराची वीज, तीच तार. आपण खाली दोरा विकत घेत होतो आणि वर त्या खिडकीत तो बसला होता, पडद्याआडून बघतही असेल. आधी मावशींना आनंद झाला, की तो जवळ आहे, जिवंत आहे. मग संताप आला, असा की हातातला माउस आपटला. आणि मग त्या रडल्या. नोकरी गेली असेल, हाकलून दिलं असेल, आजारी पडला असेल, काहीही झालं असेल. पण विमानातून उतरून हा पोरगा घरी न येता डेपोमागच्या लॉजवर गेला. घराकडे पाय वळू नयेत असं आपण घर करून ठेवलं, हे त्यांना फार लागलं. सरांनी कोटाच्या गोष्टी सांगितल्या आणि आपण माना डोलवल्या. आता तो तोंड घेऊन येणार कुठल्या दारानं?

तो आठवडा मावशींनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. सरांना सांगायचं म्हणून अनेकदा तोंड उघडलं आणि चहा हवाय का विचारून मिटलं. सरांना सांगणं म्हणजे लॉजच्या दारात तमाशा. ते ओरडत जिना चढणार, खालच्या टपरीवर माणसं गोळा होणार, आणि बारक्या दुसऱ्या दाराने उतरून डेपोतल्या मिळेल त्या बसमध्ये बसणार. आणि काहीच केलं नाही, तर शनिवारनंतर तो नेट नसलेल्या कुठल्याशा जागी जाणारच होता. ती जागा कुठे आहे ते कदाचित त्यालाही ठाऊक नव्हतं. मावशींना सगळ्यात भीती त्या जागेची वाटत होती. दिवसभर काम सोडून त्या फोल्डर उघडायच्या, बंद करायच्या. एवढ्या आटापिट्यानं मिळवलेल्या फोटोंचा त्यांना आता तिटकारा आला होता. बुधवारी त्या लॉजसमोर जाऊन उभ्या राहिल्या, वरच्या खिडक्यांकडे बघत राहिल्या, आणि वर जायचं धाडस न होऊन परत आल्या.

वर जाऊन म्हणायचं काय? पकडला, असं? मुलाला चोरासारखं पकडायला त्या जाणार नव्हत्या. आपलं खोटं उघडं पडलं म्हणून तो आधीच मोडलेला असेल, त्यावर आणखी आपण काय मोडणार?

शनिवारी सरांना एका शिकाऊ बाईंना घेऊन संध्याकाळच्या रहदारीत जायचं होतं. "माझ्यासाठी थांबू नका," ते किल्ली फिरवत म्हणाले. "त्याला सांग, नव्या साइटचे फोटो पाठव म्हणावं." सरांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशी मावशींनी पिशवीत सुईदोरा आणि कात्री टाकली, फोन घेतला आणि लॅपटॉप तसाच मिटलेला ठेवून घराला कुलूप लावलं.

लॉजच्या काउंटरवर तोच मॅनेजर होता, पोट तेवढं वाढलेलं. "पडदे? चांगले आहेत की अजून, मावशी."

"कुठे उसवले असतील तर टाका घालून देते. तुमचं काही जाणार नाही."

काही जाणार नाही म्हटल्यावर मॅनेजरचं मन लगेच मोठं झालं. "वरच्या मजल्यावरचे बघा मग. कायमचे राहणारे आहेत तिथे, दार वाजवून जा."

वरच्या मजल्यावर लांबट बोळ होता, दोन्ही बाजूंना दारं. फिनेलचा आणि ओल्या कपड्यांचा वास कोंडला होता. कुठल्या दारामागे आपण जोडलेली ती पट्टी आहे, हे मावशींना कसं कळणार? पडदे सगळे बाहेरच्या बाजूच्या खिडक्यांना. त्या बोळाच्या तोंडाशी घुटमळत उभ्या राहिल्या आणि हातातला फोन थरथरला. बारक्या. त्यांनी कॅमेरा बंद ठेवून फोन घेतला.

एवढ्याशा स्क्रीनवर पुस्तकांची मांडणी, लख्ख खिडकी आणि मध्ये बारक्या. दाढी करून, शर्ट घालून तयार होऊन बसला होता.

"आई, तू दिसत नाहीयेस."

"नेट धड नाही रे आज. ऐकू येतंय मला. बोल तू."

"बाबा कुठेत?"

"बाबा शिकवायला गेलेत." त्या पाऊल न वाजवता एकेका दारापाशी कान देत पुढे सरकत होत्या. एका दाराआड टीव्ही होता. एकाआड कोणी घोरत होतं. "तुझं कसं काय?"

"मजेत. आज इकडे ऊन छान पडलंय."

शेवटच्या दाराआडून तेच शब्द आले होते. दाराआडून आधी, फोनमधून किंचित मागाहून. मावशी त्या दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. खाली डेपोत एका बसनं हॉर्न दिला. तोही त्यांना दोनदा ऐकू आला.

"ट्रक आलाय गोदामात," बारक्या घाईनं म्हणाला.

मावशींनी तोंडावर हात दाबून धरला. हसू की रडू, काय येतंय ते त्यांनाच कळेना. हा काय म्हणतोय, कुणासाठी म्हणतोय! त्यांनी दारावर ठोकायला मूठ उचलली आणि खाली घेतली. एकदा ठोकलं की ते ऊन, तो ट्रक, ती पुस्तकं, त्यानं एवढ्या कष्टानं उभं केलेलं सगळं कोसळणार होतं. आणि ते उभं होतं म्हणूनच तो दर शनिवारी दाढी करून बसत होता. मावशींना क्षणभर वाटलं, जावं परत. त्याचं त्याला राहू द्यावं.

"आई, नीट ऐक," फोनमधून आणि दारातून बारक्या म्हणाला. "आता माझा फोन आला नाही ना, तरी घाबरायचं नाही. बाबांनाही समजाव. मी ठीक असेन. तू मशीनवर फार वेळ बसत जाऊ नकोस." त्यानं खोकल्यासारखं केलं. "बरं, ठेवू मी?"

मावशींनी दार वाजवलं.

फोनमध्ये बारक्यानं दचकून मान वळवली आणि त्याचा अर्धा चेहरा पुस्तकांत गेला. पण तो जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं, या वेळी हळू.

"एक मिनिट हं आई. दारावर कोणीतरी आलंय."

"उघड ना," मावशी म्हणाल्या. "मी कुठे जात नाही."

स्क्रीनवरून तो उठला. मांडणी आणि खिडकी जागच्या जागी राहिली, त्यांच्यात माणूस तेवढा नव्हता. दारापलीकडे पावलं जवळ आली आणि थांबली. मावशींनी पदराने डोळे पुसले, पिशवी खाली ठेवली, तिच्यावर फोन ठेवला, दोन्ही हात मोकळे केले. कडी सरकल्याचा आवाज आधी दारातून आला आणि मग खाली ठेवलेल्या पिशवीवरच्या फोनमधून.